नोकरी गेल्यानंतरचे १०५ दिवस : लोट्याच्या एका क्यूसी केमिस्टच्या नोंदी

ह्या नोंदी मी त्या त्या दिवशी मोबाईलमध्ये टाइप करत गेलो, आता फक्त जरा नीट लावल्यात. लोटे, महाड, रोहा ह्या केमिकल कंपन्यांच्या पट्ट्यात क्यूसी (माल तपासणाऱ्या) लॅबला काम करणाऱ्या कोणावर ही वेळ आली तर माझ्याइतके दिवस वाया जाऊ नयेत एवढंच. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहिलेली नाहीत.

३१ मे २०२४, शुक्रवार

दुपारी साडेतीनला एचआरने बोलावलं. एक प्लांट बंद होणार हे मार्चपासून कानावर होतं पण लॅबला हात लावणार नाहीत असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. अकरा जणांना एकाच दिवशी कागद दिले, त्यात लॅबचे तिघे, त्यात मी. ८ वर्षं ७ महिने झाले होते मला तिथे. नोटीसच्या बदली एक महिन्याचा पगार देणार म्हणाले आणि फुल अँड फायनलच्या कागदावर सही करा म्हणून पेन पुढे केलं. कागदावर "सर्व येणी मिळाली" असं लिहिलेलं आणि खात्यात तर एक रुपया आलेला नव्हता. मी सही करणारच होतो खरं तर, डोकं चालतच नव्हतं, बाजूला पॅकिंगचे एक जुने काका उभे होते ते हळूच बोलले, घरी ने, वाच, मग कर. घरी आणला.

बायकोला रात्री सांगितलं. आईला नाही सांगितलं. ती पालशेतला एकटी असते, म्हटलं उगाच जीवाला घोर कशाला. हा निर्णय चुकला, ते पुढे येईल.

३ जून, सोमवार

कागदपत्रं काढायला बसलो. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात आमच्या भाड्याच्या खोलीत पाणी छातीच्या वर होतं, तेव्हा फाईल भिजली होती आणि नंतर मी ती उन्हात वाळवून तशीच ट्रंकेत टाकली होती. तीन वर्षं उघडलीच नाही कारण गरज पडली नाही. आज बघतो तर टीवायची मार्कशीट दुसऱ्या कागदाला चिकटलेली, शिक्का वाचता येत नाही, आणि पहिल्या कंपनीचं (२०१३ ते २०१५) एक्सपिरियन्स लेटर म्हणजे नुसता लगदा. ती कंपनी आता बंद, लेटर कोणाकडे मागायचं.

लेटरवर उपाय सापडला तो लिहून ठेवतो. ईपीएफओच्या (पीएफ ऑफिसच्या) मेंबर पोर्टलवर यूएएनने (आपल्या पीएफच्या नंबरने) लॉगिन केलं की सर्व्हिस हिस्टरी दिसते, कुठल्या आस्थापनेत कधी लागलो कधी सोडलं ते तारखांसकट. त्याची प्रिंट मारली. पुढे सगळ्या ठिकाणी ही प्रिंट चालली, एकानेही नाही म्हटलं नाही.

मार्कशीटसाठी कॉलेजात अर्ज, प्रतिज्ञापत्र, फी, दोन फेऱ्या, सगळे मिळून ११५० रुपये आणि हातात यायला पाच आठवडे. नोकरी चालू असतानाच हे करून ठेवायला हवं होतं.

६ जून, गुरुवार

फुल अँड फायनलचा कागद घेऊन कॅल्क्युलेटर काढला. ग्रॅच्युइटीचा हिशोब तेव्हाच्या (२०२४ च्या) नियमाने असा होता : शेवटचा बेसिक अधिक डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. आणि शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांपेक्षा जास्त झाले असतील तर ते पूर्ण वर्ष धरतात. माझा बेसिक १४,०००, डीए वेगळा नाही. ८ वर्षं ७ महिने म्हणजे ९ धरायला हवीत, कागदावर ८ धरली होती. ६४,६१५ लिहिले होते, यायला हवे ७२,६९२. आठ हजार सत्त्याहत्तर रुपयांचा फरक, म्हणजे आमचं दोन महिन्यांचं घरभाडं.

एचआरला फोन केला तर "सिस्टिम तसंच काढते" असं उत्तर. मग फॉर्म आय (ग्रॅच्युइटी मागायचा अर्ज) भरून, सोबत साधं पत्र, नेमणुकीची तारीख, शेवटची तारीख आणि वरचा हिशोब लिहून पोच घेऊन दिलं. भांडलो नाही. दहा दिवसांनी दुरुस्त कागद आला, मग सही केली. पीएफवर एक्झिट डेट पण टाकलेली नव्हती, ती त्याच पत्रात मागून घेतली. ती तारीख नसली तर पुढे पैसे काढायलाही त्रास आणि नवीन कंपनीत ट्रान्सफरलाही.

ईएसआयसीचा (कामगार विम्याचा) काही आधार मिळतो का बघितलं, पण माझा पगार २१,००० च्या वर गेल्यामुळे मी त्यातून केव्हाच बाहेर पडलेलो. ज्यांचा कमी आहे त्यांनी शाखेत जाऊन विचारा.

१२ जून, बुधवार

रेझ्युमे. माझा जुना रेझ्युमे चार पानी होता. वडिलांचं नाव, जन्मतारीख, छंद, "मी वरील माहिती खरी असल्याचे घोषित करतो", सगळं होतं, फक्त मी काम काय करतो ते दोन ओळीत. एचपीएलसी, जीसी (मालात काय किती आहे ते काढायची मशीन), केएफ (मालातलं पाणी, म्हणजे मॉइश्चर मोजायचं मशीन), टायट्रेशन अशी नुसती यादी. तीच यादी ह्या पट्ट्यातल्या प्रत्येक केमिस्टच्या रेझ्युमेवर असते.

दोन पानांवर आणला. प्रत्येक मशीनपुढे त्यावर काय केलं ते घातलं : शिफ्टला २५ ते ३० इनप्रोसेस सॅम्पल, पीएच मीटर आणि बॅलन्सचं रोजचं कॅलिब्रेशन, दोन नवीन मुलांना ट्रेनिंग, कस्टमर ऑडिटला लॅबचे कागद मी पुढे केले. आणि एक मोठी चूक ठेवली, जी तेव्हा मला चूक वाटत नव्हती. शेवटच्या नोकरीपुढे "नोव्हेंबर २०१५ ते आजपर्यंत" असंच राहू दिलं. ओळखीतल्या एकाने सांगितलं होतं की नोकरी नाही असं कळलं की पगार पाडून देतात.

१९ जून, बुधवार

१५०० रुपये घालवले. फोन आला, गोड बोलणारी बाई, तुमचा प्रोफाईल शॉर्टलिस्ट झालाय, तळोज्याची कंपनी आहे, रजिस्ट्रेशनचे १५०० भरा, जॉइनिंगला परत मिळतात. मी भरले. दुसऱ्या दिवशी "मेडिकलचे" २५०० मागितले तेव्हा समजलं. नंबर बंद. पोर्टलवर रेझ्युमे टाकला की आठ दिवसांत असे फोन सुरू होतात. खरी कंपनी किंवा खरा कन्सल्टंट उमेदवाराकडून आधी पैसे घेत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण घरी बसून अठरा दिवस झाले की माणूस पटकन विश्वास ठेवतो.

बायको एक शब्द बोलली नाही. तेच जास्त लागलं.

२७ जून, गुरुवार

तळोजा एमआयडीसीत वॉक-इन. रात्री चिपळूणवरून जनरलने पनवेल, पहाटे स्टेशनवरच बसून राहिलो, सकाळी रिक्षाने तळोजा. ह्या वर्षी १० जूनपासून कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं होतं, त्यात गाड्या हळू चालतात, हे धरूनच निघायचं. साठ-सत्तर मुलं होती, बरीचशी पंचवीसच्या आतली.

टेक्निकल बरा गेला. मग एचआरकडे. "सध्या तिथेच आहात?" मी हो म्हणालो. "मग मे महिन्याची पगार स्लिप आणि जून चालू असेल तर आयकार्ड दाखवा, नोटीस पिरियड किती आहे?" मला पुढे बोलताच येईना. शेवटी सांगितलं की ३१ मेला काम सुटलं. त्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काम सुटणं हा काही दोष नाही, पण तुम्ही लॅबचे आहात ना, तारीख चुकीची लिहिलेली आम्ही कशी चालवून घ्यायची?"

परतीच्या गाडीत हेच डोक्यात घोळत होतं. आठ वर्षं मी मुलांना हेच शिकवलं, जे जेव्हा केलं तेव्हाच लिहायचं, ज्याने केलं त्याने सही करायची, मागची तारीख टाकायची नाही. ऑडिटवाले ह्याला अल्कोआ म्हणतात. आणि स्वतःच्या कागदावर मीच "आजपर्यंत" लिहून बसलो होतो. घरी पोचल्यावर जेवायच्या आधी बदललं : मे २०२४ पर्यंत. त्याखाली एक ओळ, प्लांट बंद झाल्याने लॅबमधील तीन पदे कमी केली.

खर्च ७१०.

४ जुलै, गुरुवार

महाड एमआयडीसी, ओळखीतून लागलेला इंटरव्ह्यू. हा मी पूर्ण लिहितो कारण इथेच मला माझं दुखणं सापडलं.

समोर क्यूसी मॅनेजर आणि क्यूएचे (लॅबचं काम आणि कागद नियमात आहेत का ते बघणाऱ्या विभागाचे) एक साहेब. विचारलं, ओओएस आला असा एखादा प्रसंग सांगा. म्हणजे रिझल्ट स्पेसिफिकेशनच्या बाहेर गेला असा. माझ्याकडे चांगला प्रसंग होता, जुलै २०२२ चा. मी काय सांगितलं ते जसंच्या तसं :

"सर, आमच्याकडे एकदा मॉइश्चर फेल येत होतं, मग आम्ही रिसॅम्पलिंग केलं आणि पास झालं."

एवढंच. क्यूएच्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे पास येईपर्यंत सॅम्पल काढत राहिलात?" मी म्हणालो, नाही सर तसं नाही, आणि मग जे सांगत गेलो ते सगळं उलटसुलट, केएफचा फॅक्टर, पिशवी, पाऊस, प्रॉडक्शनवाले काय म्हणाले, कशाचा कशाला मेळ नाही. घशाला कोरड पडली होती. पुढचे प्रश्न त्यांनी नुसते विचारायचे म्हणून विचारले. मला तेव्हाच कळलं.

ह्या धंद्यात फेल रिझल्ट बाजूला टाकून पास येईपर्यंत टेस्ट करणं म्हणजे सगळ्यात मोठं पाप, ऑडिटला पहिलं तेच शोधतात. आणि जे मी त्या दिवशी व्यवस्थित, रीतसर केलं होतं ते मी एका वाक्यात असं सांगितलं की मीच ते पाप केलंय असं वाटावं.

खर्च ३६०. एसटीत बसायला मिळालं नाही, पोलादपूरपर्यंत उभा.

५ ते १२ जुलै

आठ दिवस अर्ज करणं पूर्ण बंद ठेवलं. दोनशे पानी वही घेतली आणि आठ वर्षांत माझ्या हातून झालेले प्रसंग लिहायला लागलो. थिअरी नाही, ती इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी वाचता येते. फक्त घडलेलं. पहिल्या दिवशी तीनच आठवले, मला वाटलं आपण काही केलंच नाही आठ वर्षं. मग जुन्या शिफ्टमधल्या दोघांना फोन केले, आठवतंय का रे ते अमुक, असं बोलता बोलता चौदा झाले.

मॉइश्चरचा प्रसंग पाच वेळा लिहिला. शेवटी असा झाला :

"जुलै २०२२, रात्रपाळी. एक इंटरमीजिएट होतं, हवेतलं पाणी पटकन ओढणारं. केएफवर मॉइश्चर ०.७१ टक्के आलं, लिमिट ०.५०. मी रिझल्ट रजिस्टरला लिहिला, इनचार्जना फोन केला आणि ओओएसचा फॉर्म उघडला. प्रॉडक्शनचं म्हणणं ड्रायर कमी पडला, ते परत सहा तास ड्राय करायला निघाले होते. मी आधी माझी बाजू तपासली. सोडियम टार्ट्रेट डायहायड्रेटने फॅक्टर बघितला, त्यात पाणी १५.६६ टक्के असतं, बरोबर बसलं, म्हणजे मशीन आणि रिएजंट ठीक. मग सॅम्पल कसं आलं ते विचारलं. हेल्पर पॉलिथिनच्या पिशवीत, पावसातून, प्लांटवरून चालत घेऊन आला होता आणि माझ्या टेबलावर ते चाळीस मिनिटं पडून होतं कारण मी जीसीवर होतो. ह्यातली शेवटची गोष्ट माझी चूक, तीही मी फॉर्ममध्ये लिहिली. इनचार्ज आणि क्यूएची परवानगी घेऊन बूच असलेल्या काचेच्या बाटलीत नवीन सॅम्पल घेतलं, दहा मिनिटांत टेस्ट केलं, ०.३८. पहिला ०.७१ खोडला नाही, तो कारणासकट रिपोर्टमध्ये आहे. त्यानंतर एसओपी बदलली, ह्या मालाचं सॅम्पल बाटलीतच यायचं आणि आल्याची वेळ लिहायची."

मोठ्याने वाचून बघितलं, दोन मिनिटांच्या आसपास. हे सगळं खरं आहे, ह्यातला एकही शब्द वाढवलेला नाही, आणि तरी चार जुलैला तोंडातून ह्यातलं काही निघालं नव्हतं.

लिहिताना अजून एक सापडलं. मी सगळीकडे "आम्ही" म्हणतो. आम्ही कॅलिब्रेशन केलं, आम्ही ऑडिट दिलं. आपल्याकडे "मी" म्हणणं बढाईसारखं वाटतं, पण समोरच्याला तुम्ही काय केलं ते कळायला दुसरा मार्ग नाही. वहीत प्रत्येक "आम्ही"ला लाल पेनने गोल केला आणि विचारलं, हे नक्की कोणी केलं? जे इनचार्जनी केलं होतं तिथे "इनचार्जनी" लिहिलं. जे मी केलं तिथे "मी".

१५ जुलै, सोमवार

रोह्याला धाटाव एमआयडीसीत सकाळी अकराचा इंटरव्ह्यू होता. काल संध्याकाळी खेडच्या पुढे दिवाणखवटीजवळ बोगद्याच्या तोंडाशी दरड आली, गाड्या बंद. पहाटे स्टेशनला जाऊन खात्री करून आलो, रिक्षाचे १२०.

आधीचा मी असतो तर गप्प बसलो असतो किंवा दुपारी फोन केला असता. साडेसातलाच एचआरला मेसेज टाकला, गाडी बंद असल्याची बातमी जोडली, आणि पुढच्या तीन तारखा लिहून दिल्या ज्यातली कुठलीही चालेल. नऊला उत्तर आलं, शुक्रवारी या.

१९ जुलै, शुक्रवार

रोहा. टेक्निकल खरंच चांगला झाला. मॉइश्चरचा प्रसंग सांगितला, समोरचे साहेब मध्येच म्हणाले, पिशवीत येतं आमच्याकडे पण. एचपीएलसीवर विचारलं, टेलिंग (ग्राफवरच्या पीकला येणारी शेपटी) दोनच्या वर गेलं आणि सॅम्पल अर्जंट आहे, काय करणार? सांगितलं, सिस्टिम सुटेबिलिटी (मशीन ठीक चालतंय का ही आधीची तपासणी) बसल्याशिवाय सॅम्पलचा रिझल्ट देणार नाही, आधी मोबाईल फेजचा पीएच आणि कॉलमचा इतिहास बघेन, किती इंजेक्शन झालीत ते, आणि प्रॉडक्शनला उशीर होईल हे लगेच कळवेन.

मग पगार. "अपेक्षा किती?" आणि मी म्हणालो, "काहीही चालेल सर, तुम्ही द्याल ते."

त्यांचा चेहराच बदलला. ह्याला स्वतःची किंमत माहीत नाही असं वाटलं असेल किंवा हा चार महिन्यांत पळेल असं, मला माहीत नाही. कळवतो म्हणाले. नंतर मी दोनदा फोन केला, उत्तर नाही. आकडा आधी ठरवून जायला हवा होता. बायकोबरोबर बसून त्याच रात्री काढला : महाड-रोह्याला खोली घेऊन राहायचं तर खोली, जेवण, महिन्याला दोनदा घरी येणं, चिपळूणचं भाडं, मुलीची शाळा. २६,००० च्या खाली जमत नाही. आधी हातात २४,६०० यायचे. म्हणून "२८ अपेक्षित, २६ च्या खाली अवघड" हे वाक्य पाठ केलं.

२४ जुलै

एकही फोन नाही. पाऊस. काहीच केलं नाही आज.

१ ऑगस्ट, गुरुवार

मासेमारी बंदी काल उठली. रत्नागिरीला मिरजोळे एमआयडीसीत मासळी प्रक्रियेच्या एका युनिटला लॅबसाठी माणूस हवा होता. हिस्टामाइन एचपीएलसीवर करतात म्हणून गेलो, तर त्यांना मुख्य काम प्लेट काउंटचं, मायक्रोबायोलॉजीवाला हवा होता. ते जाहिरातीत लिहिलेलं होतं, मी नीट वाचलं नव्हतं. दहा मिनिटांत बाहेर. ४३० रुपये आणि एक दिवस.

३ ऑगस्ट, शनिवार

पालशेतला जाऊन आईला सांगितलं. दोन महिने फोनवर "हो, ड्युटीवरून आलो" असं सांगत होतो. ती म्हणाली, मला जूनपासून माहिती आहे, तुझा फोन दुपारी येतो तेव्हा मागे मशीनचा आवाज नसतो. मग म्हणाली, वाडीतल्या एकांचे जावई महाडला केमिकलमध्ये आहेत, मी विचारू शकले असते, पण तूच सांगत नव्हतास तर मी कोणाला काय सांगू.

त्यांच्याशी त्याच संध्याकाळी फोनवर बोललो. त्यांच्या कंपनीत लॅबला जागा होती, १० जूनपासून होती.

ह्यावर मला जास्त काही लिहिता येत नाही. मी नोकरी गेल्याचं तेव्हापर्यंत एकूण सहा जणांना सांगितलं होतं. रविवारी बसून फोनमधली यादी काढली, जुने शिफ्टवाले, कॉलेजचे, कंपनीच्या बसचे, मशीनच्या सर्व्हिसला यायचे ते इंजिनिअर (हे तर प्रत्येक लॅबमध्ये फिरतात, कुठे माणूस कमी आहे ते ह्यांना आधी कळतं), आणि चौतीस जणांना स्वतः मेसेज लिहिला, फॉरवर्ड नाही. काय येतं, कुठे यायची तयारी आहे, कधीपासून. आठवड्यात चार फोन आले. पोर्टलवरून दोन महिन्यांत पाच आले होते.

८ ते १८ ऑगस्ट

रोज रात्री मुलगी झोपली की बायको इंटरव्ह्यू घ्यायची. ती केमिस्ट नाही, कॉमर्सची आहे, आणि तेच कामाला आलं. वहीतला आकडा बघून विचारायची, "सहा नंबर सांगा." मी सुरू झालो की मध्येच अडवायची, "अहो, पण मग त्या पहिल्या रीडिंगचं काय केलंत?" तिला जिथे कळत नव्हतं तिथे माझं सांगणंच तुटलेलं असायचं.

फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं. पहिल्यांदा ऐकणं अवघड गेलं. प्रत्येक उत्तराच्या शेवटी माझा आवाज खाली जातो आणि मी "असं सगळं" म्हणतो. दहा दिवसांत "असं सगळं" बरंच कमी झालं.

नोकरी का गेली ह्याचं उत्तर सगळ्यात जास्त वेळा केलं. आधी मी त्यात मॅनेजमेंट, ऑर्डर, कोण राहिलं कोण गेलं हे सगळं आणायचो, आणि बोलता बोलता राग दिसायचा. आता तीन वाक्यं : एक प्लांट बंद झाला, लॅबची तीन पदं कमी केली, त्यात माझं होतं. माझ्या इनचार्जचा नंबर देतो, विचारून घ्या. इनचार्जना आधी फोन करून परवानगी घेतली, ते म्हणाले, जरूर दे.

२१ ऑगस्ट, बुधवार

महाड, जावयांच्या कंपनीत. ओळखीमुळे फक्त दार उघडलं, ते स्वतः प्रॉडक्शनला आहेत, लॅबमध्ये त्यांचं काही चालत नाही. दोन तास झाला. पहिला अर्धा तास लॅबमध्येच, केएफसमोर उभं केलं आणि ड्रिफ्ट (बाहेरची ओल मशीनमध्ये शिरते त्याचा आकडा) जास्त येतोय, बघा म्हणाले. मी आधी ड्रायिंग ट्यूब बघितली. सिलिका जेल गुलाबी झालेलं होतं, म्हणजे ओल ओढून संपलेलं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ते आठवड्यात संपतं, लोट्याला मी दर सोमवारी बदलायचो. ते सांगितलं, मग झाकणं आणि सेप्टम हाताने तपासले. मॅनेजर काही बोलले नाहीत, बाजूच्या मुलाला म्हणाले, नवीन जेल आण.

आत बसल्यावर ओओएस विचारलाच. सांगितला, ह्या वेळी पहिल्या ०.७१ पासून. माझ्या टेबलावर चाळीस मिनिटं पडून होतं हे पण. त्यांनी विचारलं, हे तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलं? म्हटलं हो सर, स्वतःच्या अक्षरात आहे, आणि त्यावरून मला ताकीद मिळाली होती. मॅनेजर थोडा वेळ वहीत काहीतरी लिहीत होते. नोकरी का गेली, तीन वाक्यं. पगार, पाठ केलेलं वाक्य. एका प्रश्नाचं उत्तर अजिबात आलं नाही, क्लीनिंग व्हॅलिडेशनचं (प्लांटची भांडी नीट साफ झाली हे कागदावर सिद्ध करणं). माहीत नाही म्हणालो, रिन्स सॅम्पल टेस्ट केलेत पण प्रोटोकॉल कधी लिहिला नाही.

२८ ऑगस्ट, बुधवार

ऑफर आली. ग्रॉस ३०,२००, हातात साधारण २६,८००. जॉइनिंग ५ सप्टेंबर.

७ सप्टेंबरला गणपती. गावच्या घरात गणपती असतो, वडील गेल्यापासून पूजेला मीच बसतो. इतक्या दिवसांनी मिळालेली नोकरी, तारीख बदलून मागायची भीती वाटत होती, बायको म्हणाली विचारून तर बघा. एचआरला सरळ सांगितलं, १२ ला गौरी-गणपतीचं विसर्जन आहे, १३ ला सकाळी आठला गेटवर असेन. ते म्हणाले, अहो त्या आठवड्यात अर्धी कंपनी गावालाच असते, १३ ला या. जीव भांड्यात पडला. तरी फोनवर थांबलो नाही, तारीख मेलवर बदलून मागितली, सुधारित ऑफर लेटर आलं तेव्हाच इतरांना सांगितलं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

जॉइन झालो. कागद मागितले ते : मार्कशीटा (डुप्लिकेट जुलैतच आली होती), रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन स्लिपा, यूएएन, आधार, पॅन, बँकेचा कॅन्सल चेक, फोटो, मेडिकल. पीएफ ट्रान्सफर केला, काढला नाही.

मागच्या साडेतीन महिन्यांचा हिशोब : तळोजा ७१०, महाड पहिल्यांदा ३६०, रोहा दोन वेळचे मिळून ५४०, रत्नागिरी ४३०, महाड दुसऱ्यांदा ३८०, मार्कशीट ११५०, झेरॉक्स-प्रिंट-फोटो ३४०, त्या फोनवालीला गेलेले १५००. एकूण ५४१०. अर्ज ४१, फोन ९, इंटरव्ह्यू ५.

वही लोट्यालाच माझ्याबरोबर काम सुटलेल्या एकाला दिली आहे. तो जीसीवरचा माणूस आहे, माझे प्रसंग त्याला चालणार नाहीत, पण मागची कोरी पानं बरीच आहेत, त्याने पहिले दोन लिहून काल फोटो पाठवला. दुसऱ्यात अजून चार ठिकाणी "आम्ही" आहे, रविवारी फोन करतो त्याला.